एका नकाराची कीर्ती : हाविएर सेर्कास आणि त्यांचे वाचक

लेखकाने प्रश्न म्हणून पुढे ठेवलेली गोष्ट वाचकांनी उत्तर म्हणून उचलावी, आणि पुढे त्या उत्तरावरच लेखकाची कीर्ती उभी राहावी, असा योग वाङ्मयाच्या इतिहासात अगदीच दुर्मिळ नसला, तरी स्पॅनिश कादंबरीकार हाविएर सेर्कास यांच्या वाट्याला तो जितक्या ठळकपणे आला तितका त्यांच्या समकालीनांपैकी क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल. २००१ साली ‘सालामिसचे सैनिक’ ही त्यांची कादंबरी बार्सिलोनाच्या तुस्केत्स या प्रकाशनसंस्थेने काढली, तेव्हा फारसा बोलबाला न झालेली मोजकी पुस्तके नावावर असलेले, जिरोना विद्यापीठात स्पॅनिश साहित्य शिकविणारे, चाळिशीच्या उंबरठ्यावरचे एक प्राध्यापक एवढीच त्यांची ओळख होती. त्याच वर्षी मारियो वार्गास योसा यांनी ‘एल पाइस’ या दैनिकात या कादंबरीवर भरघोस स्तुतीचा लेख लिहिला. पाहता पाहता ती स्पेनमधल्या घराघरांत पोहोचली, दाविद त्रुएबा यांनी २००३ साली तिच्यावर चित्रपट काढला, आणि ॲन मॅक्लीन यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराला २००४ साली ‘इंडिपेंडंट’ दैनिकाच्या नावाने त्या काळी दिले जाणारे परभाषीय कादंबरीचे पारितोषिक मिळाले. आपल्याकडच्या ज्या थोड्या वाचकांनी सेर्कास वाचले आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते याच मॅक्लीनबाईंच्या इंग्रजीतून वाचले आहेत.

ज्या घटनेभोवती ही कादंबरी फिरते ती काल्पनिक नाही. १९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये जे यादवी युद्ध पेटले, त्याच्या अखेरीस, निर्वाचित प्रजासत्ताकाविरुद्ध बंड करून उठलेल्या जनरल फ्रांकोच्या फौजांनी २६ जानेवारी १९३९ रोजी बार्सिलोना हस्तगत केले आणि प्रजासत्ताकाचे पराभूत सैनिक व त्यांच्यामागून भेदरलेली प्रजा फ्रान्सच्या सरहद्दीकडे लोटली. या धावपळीत कोयेल येथील धर्मस्थानात आणून कोंडलेल्या कैद्यांपैकी सुमारे पन्नास जणांना ३० जानेवारीला रानात उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत राफाएल सांचेस मासास हे गृहस्थ होते : कवी, फालान्हे या फॅसिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, आणि त्या पक्षाचे जे गीत पुढे चाळीस वर्षे साऱ्या देशाला म्हणावे लागले त्याच्या रचनेत हातभार असलेले. गोळी त्यांना केवळ चाटून गेली. ते झाडीत पळाले. पाठलागावर असलेल्या एका सैनिकाने त्यांना चिखलात दडलेले पाहिले, क्षणभर त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिले, आणि मागून हाक देणाऱ्या सोबत्याला इकडे कोणी नाही असे ओरडून सांगून तो पाठ फिरवून निघून गेला. हा कोण, त्याने असे का केले, आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले होते, एवढाच या कादंबरीचा विषय आहे. सांचेस मासास मात्र वाचले, पुढे फ्रांकोच्या मंत्रिमंडळात बिनखात्याचे मंत्री झाले, आणि ही हकिकत आल्यागेल्याला सांगत राहिले. त्यांचे चिरंजीव राफाएल सांचेस फेर्लोसियो हे पित्याहून कितीतरी मोठे लेखक. त्यांच्याच तोंडून ती सेर्कासांच्या कानी आली. १९९९ साली, निर्वासित अवस्थेत मरण पावलेल्या आन्तोनियो माचादो या महाकवीच्या साठाव्या स्मृतिवर्षाच्या निमित्ताने लिहिलेल्या एका वृत्तपत्रीय लेखात सेर्कासांनी ती प्रथम मांडली.

कादंबरीची रचना तीन भागांची. पहिल्यात सेर्कास हेच नाव धारण करणारा एक हताश पत्रकार या घटनेचा माग काढतो, साक्षीदार धुंडाळतो, जुनी दप्तरे चाळतो, आणि ज्या खेडूत तरुणांनी सांचेस मासास यांना रानात अन्न-आसरा दिला त्यांच्यापैकी हयात असलेल्यांच्या जबान्या घेतो. दुसरा भाग म्हणजे या तपासातून निघालेले सांचेस मासास यांचे कोरडे, नेटके चरित्र. आणि ते लिहून झाल्यावर निवेदकाच्या ध्यानात येते की, सगळे यथास्थित असूनही पुस्तक लंगडे आहे, कारण ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला तो सैनिकच त्यात नाही. तिसऱ्या भागात चिलीचे कादंबरीकार रोबेर्तो बोलान्यो, जे त्या काळी खरोखरच कातालोनियाच्या किनाऱ्यावरील ब्लानेस गावी राहत होते, निवेदकाला मिरायेस नावाच्या एका म्हाताऱ्या लढवय्याची गोष्ट सांगतात : प्रजासत्ताकाच्या बाजूने लढलेला, मग फ्रेंच परकीय पलटणीत भरती होऊन आफ्रिकेच्या वाळवंटात नाझींविरुद्ध झुंजलेला, आणि आता दिजॉं शहरातील एका वृद्धाश्रमात एकाकी जगणारा. निवेदक त्याला जाऊन भेटतो, आणि निरोप घेताना विचारतो की, तो सैनिक तूच ना? म्हातारा नाही म्हणतो.

वाचकांनी मात्र या नकाराला जवळजवळ एकमुखाने होकार मानले. पुस्तकाची सारी भावनिक उंची, शेवटच्या पृष्ठांतील तो वाढत जाणारा दीर्घ आवेग, ज्याचे नाव कोणत्याही चौकातील पाटीवर कोरले जाणार नाही अशा माणसाला निवेदकाने मनोमन वाहिलेला तो मुजरा, हे सगळे मिरायेसच्या बाजूने इतके झुकलेले आहे की, त्याचा नकार हा विनय किंवा चकवा असल्याचे मानण्यावाचून वाचकाला गत्यंतर उरत नाही. हा दोष वाचकांचा म्हणावा तर लेखकानेच त्यांना उताराच्या वाटेला लावून दिले आहे, आणि लेखकाचा म्हणावा तर तो ‘नाही’ हा शब्द छापील पृष्ठावर ढळढळीत उभा आहे. माझ्या मते सेर्कासांच्या सामर्थ्याचे आणि त्यांच्यावरील पुढच्या सगळ्या फिर्यादींचे मूळ याच ठिकाणी आहे.

असे घडण्यास काळही अनुकूल होता. २० नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रांको वारला. १९७७ च्या क्षमादान कायद्याने दोन्ही पक्षांच्या गतकालीन अपराधांवर पडदा टाकला. आणि लोकशाही रुजेपर्यंत मागचे उकरायचे नाही असा एक अलिखित करार देशाने पाळला. २००० साली लेओन प्रांतात, एमिलियो सिल्वा यांच्या पुढाकाराने, यादवीत ठार मारून रस्त्याकडेच्या खड्ड्यात लोटलेल्या माणसांचे सांगाडे शास्त्रीय पद्धतीने उकरण्यास आरंभ झाला, आणि नातवंडांची पिढी आजोबांबद्दल विचारू लागली. पुढे २००७ साली ऐतिहासिक स्मृतीचा कायदा झाला. ‘सालामिसचे सैनिक’ ही बरोबर या उंबरठ्यावर आली. पराभूत पक्षातील एका निनावी माणसाला तिने जो चेहरा दिला, तो हजारो घरांतील हरवलेल्या आजोबांचा चेहरा ठरला. ज्या पुस्तकाचा एक सबंध भाग एका फॅसिस्टाच्या चरित्राला वाहिलेला आहे ते प्रजासत्ताकवाद्यांच्या घरी पूज्य ठरावे, यातील विपर्यास काही चिकित्सकांच्या नजरेतून सुटला नाही. फॅसिस्टाला माणसाचे रूप दिल्याबद्दल एका बाजूने, आणि पराभूतांविषयी हळवेपणाचा अंमल बसविल्याबद्दल दुसऱ्या बाजूने कुरकुर झाली. पण ती पहिल्या भरतीत वाहून गेली. भरती इतकी मोठी, की यादवी युद्धावरच्या कादंबऱ्यांचे पीकच आले, आणि २००७ साली इसाक रोसा या तरुण लेखकाने आपलीच जुनी कादंबरी, एका चिडखोर वाचकाचे टोमणे प्रत्येक प्रकरणाखाली घालून, ‘यादवी युद्धावर आणखी एक मेली कादंबरी!’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली पुन्हा छापली. हे पुस्तक सेर्कासांना उद्देशून नव्हते. परंतु ज्या वाचनाभिरुचीची त्यात टर उडविली होती ती घडविण्यात त्यांचा वाटा थोडाथोडका नव्हता.

यशाचा धसका खुद्द लेखकानेही घेतला असावा. २००५ सालच्या ‘प्रकाशाचा वेग’ या कादंबरीत, यादवी युद्धावरच्या एका पुस्तकाने अकस्मात प्रसिद्ध पावलेल्या लेखकाचा संसार त्या प्रसिद्धीपायी कसा धुळीस मिळतो, याची कथा अमेरिकेतील अर्बाना शहर, जेथे सेर्कास यांनी तरुणपणी अध्यापन केले होते, आणि व्हिएतनाम युद्धातून परतलेला एक मित्र यांच्या पार्श्वभूमीवर सांगितली आहे. कादंबरी म्हणून ती मला विस्कळित वाटते. आत्मपरीक्षा म्हणून वाचनीय.

येथे मराठी वाचकाला एक गोष्ट विचित्र वाटेल. ‘स्वामी’ १९६२ साली आली, म्हणजे सेर्कास जन्मले त्याच वर्षी, आणि तेव्हापासून इतिहासावर लिहिणारा आपला कादंबरीकार स्वतः पडद्याआड राहून थोरामोठ्यांच्या मुखी संवाद घालीत आला आहे. सेर्कास याच्या अगदी उलट वागतात : पात्रे पडद्याआड, आणि लेखक रंगमंचाच्या मधोमध, आपल्या शंका, चुकलेले अंदाज, बंद दारे आणि न मिळालेले कागद यांच्यासह. मात्र हा मधोमध उभा असलेला सेर्कास तोच, असे समजून चालत नाही. ‘सालामिसचे सैनिक’मधील निवेदक आरंभीच सांगतो की, त्याचे वडील वारले आहेत आणि बायको सोडून गेली आहे, वस्तुतः लेखकाचे वडील त्यानंतर कित्येक वर्षे हयात होते. वस्तुस्थितीची शपथ घेऊन पहिल्याच परिच्छेदात कल्पित सांगणाऱ्या या कैफियतीवर भरवसा किती ठेवावा, हा प्रश्न त्यांच्या वाचकांमध्ये आजतागायत तहकूब आहे.

वडील खरोखर वारले ते २००८ साली, आणि त्यांच्या मृत्यूने ज्या पुस्तकाचा शेवट होतो ते ‘एका क्षणाचे शरीरशास्त्र’ मला सेर्कासांची सर्वश्रेष्ठ कृती वाटते. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी संध्याकाळी, माद्रिदच्या प्रतिनिधिगृहात नव्या पंतप्रधानांसाठी मतदान चालू असता, लेफ्टनंट कर्नल आन्तोनियो तेहेरो पिस्तूल परजीत सशस्त्र शिपायांसह आत घुसले, छताकडे गोळ्यांच्या फैरी झडल्या, आणि सारे लोकप्रतिनिधी बाकांखाली दडले; अपवाद तिघांचा. मावळते पंतप्रधान आदोल्फो सुआरेस आपल्या आसनावर बसून राहिले. उपपंतप्रधान जनरल गुतिएरेस मेयादो उठून बंडखोरांवर चालून गेले. आणि कम्युनिस्ट नेते सान्तियागो कारियो धूम्रपान करीत जागचे हलले नाहीत. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी हे टिपले, आणि ते चित्रण स्पेनमध्ये इतक्या वेळा दाखविले गेले की प्रत्येकाला ते आपण प्रत्यक्ष पाहिल्यासारखे वाटते. सेर्कासांनी आधी यावर रीतसर कादंबरी लिहिली, आणि पुरी झाल्यावर ती टाकून दिली. कारण या घटनेभोवती अफवा, कारस्थानांचे तर्क आणि आठवणींची कलमे इतकी माजली होती की आणखी एक कल्पित रचण्यापेक्षा असलेली कल्पिते सोलून काढणे हेच कादंबरीकाराचे काम उरले होते.

मग त्यांनी तो एक क्षण घेतला आणि त्यातील तिघांची कुंडली मांडली. सुआरेस हे फ्रांकोच्या राजवटीतल्या एकमेव पक्षाचे सरचिटणीस. मेयादो यादवीत फ्रांकोच्या बाजूने लढलेले. कारियो त्या दोघांच्या शत्रुपक्षाचे. तिघांनीही लोकशाहीसाठी आपापल्या गतायुष्याशी, आपापल्या माणसांशी द्रोह केला होता, आणि म्हणूनच त्या संध्याकाळी आपापल्या गोटात ते सर्वाधिक तिरस्कृत होते. जिंकणाऱ्याहून माघार घेऊन जुने घर पाडणाऱ्याचे शौर्य कठीण असते, हा जर्मन लेखक एन्झेन्सबेर्गर यांचा विचार सेर्कासांनी येथे कसाला लावला आहे. सुआरेस त्यांच्या तरुणपणी त्यांना एक थिल्लर संधिसाधू वाटत असत, आणि वडील मात्र सुआरेस यांना मत देणारे. त्या एका मतभेदाचा माग काढता काढता पाचशे पानांचा राजकीय पंचनामा बापाला समजून घेण्याच्या प्रयत्नात विसावतो. कित्येक पृष्ठे कॅमेऱ्यातील काही सेकंदांच्या वर्णनावर खर्ची पडलेली आहेत, तरी वाचक उठत नाही. कल्पित नसल्याचे लेखकाने जाहीर केलेल्या या पुस्तकाला २०१० साली कथात्म साहित्याचे राष्ट्रीय पारितोषिक देण्यात आले, आणि हा निवाडा कोणत्या कायद्याखाली झाला याची चर्चा पुष्कळ दिवस पुरली. डाव्या वाचकांची तक्रार वेगळी होती : फ्रांकोनंतरच्या तडजोडींना या पुस्तकाने शौर्याची झूल चढविली. तक्रार निराधार नाही. पण झूल ज्यांच्या अंगावर चढविली त्यांचे डागही लेखकाने झाकले नाहीत, कारियोंच्या युद्धकालीन हत्याकांडाशी असलेल्या संबंधाची उलटतपासणी हे त्याचे प्रत्यंतर.

सत्य आणि कल्पित यांच्या सरमिसळीवर आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा हा वाद रस्त्यावरही आणला. फ्रान्सिस्को रिको या विद्वानाने धूम्रपानबंदीच्या कायद्याविरुद्ध लेख लिहून, आपण आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, अशी पुस्ती शेवटी जोडली. रिको हे अट्टल धूम्रपानी असल्याने गदारोळ उडाला. आणि सेर्कासांनी लेखकाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने रिकोंची वकिली केली. तेव्हा आर्कादी एस्पादा या स्तंभलेखकाने, २०११ साली, सेर्कास एका बदनाम वस्तीतील छाप्यात सापडल्याचा संपूर्ण खोटा मजकूर आपल्या सदरात छापून, घ्या तुमचे स्वातंत्र्य, असे जणू बजावले. युक्तिवाद म्हणून हा प्रकार अशोभनीय होता. तथापि त्याने दुखरी नस नेमकी दाबली हे कबूल केले पाहिजे. कादंबरीच्या मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे छापलेले असते, आणि त्या एका सूचनेने वाचकाला सावध केलेले असते. वृत्तपत्राच्या स्तंभावर तशी सूचना नसते. एवढा भेद दोन्ही पक्षांनी मानला असता तर भांडणाला जागाच नव्हती.

यानंतर सेर्कासांनी जो विषय हाती घेतला तो जणू या वादालाच दिलेले उत्तर होता. एन्रिक मार्को नावाचे बार्सिलोनाचे एक वृद्ध गृहस्थ नाझी छळछावणीतून वाचलेले म्हणून विख्यात होते. माउटहाउझेनच्या स्पॅनिश बंदिवानांच्या संघटनेचे अध्यक्ष, शाळाशाळांतून मुलांना डोळ्यांत पाणी आणणारी व्याख्याने देणारे, प्रतिनिधिगृहातही भाषण केलेले. २००५ साली इतिहाससंशोधक बेनितो बेर्मेहो यांनी कागदपत्रांनिशी सिद्ध केले की मार्को कोणत्याही छावणीत कैदी नव्हते; फ्रांको आणि हिटलर यांच्यातील करारानुसार ते जर्मनीत कामगार म्हणून स्वखुशीने गेले होते. २०१४ साली ‘तोतया’ या पुस्तकात सेर्कासांनी मार्कोंच्या आयुष्याची एकेक चिरफळी वेगळी केली आणि वाचकांना दुखविणारे विधान केले : मार्को हा एकट्याचा लबाडपणा नव्हता, स्मृतीची जी मागणी देशात उसळली होती तिला त्यांनी हवा तो माल पुरविला, आणि ऐकणाऱ्यांनी तो आनंदाने घेतला. मार्को आणि लेखक यांच्यामध्ये रचलेल्या एका काल्पनिक संवादात मार्को उलट विचारतात की, त्या मागणीवर पोट भरण्यात तू माझ्याहून कोणता वेगळा? मिरायेसच्या गोष्टीवर ज्यांनी अश्रू ढाळले होते त्यांच्याकडेच हे बोट वळलेले होते, आणि पुष्कळांना ते मानवले नाही. ज्यांचे आजोबा अजून खड्ड्यात आहेत त्यांना स्मृतीचा बाजार झाल्याचे सांगणे हे निर्दय आहे, असा प्रतिवाद झाला. मला तो निम्मा पटतो. सेर्कासांची शंका रास्त आहे, पण उकरलेल्या खड्ड्यांची संख्या आणि न उकरलेल्यांची संख्या यांतील अंतर पाहता, बाजार भरल्याची तक्रार जरा घाईची होती.

त्यांच्या कादंबरीविषयक भूमिकेचे सूत्र ऑक्सफर्डला २०१५ साली दिलेल्या व्याख्यानांवरून तयार झालेल्या पुस्तकात सापडते. उत्तम कादंबरीच्या केंद्रस्थानी एक प्रश्न असतो, ती पुरी कादंबरी त्या प्रश्नाच्या शोधात खर्ची पडते, आणि अखेरीस निःसंदिग्ध उत्तर मिळत नाही. न दिसणारा तो बिंदूच कादंबरीला दृष्टी देतो. दॉन किखोते वेडा की शहाणा, हे सर्वांतेसने सांगितले नाही. सिद्धांत सुबक आहे. पण जेथे उत्तर खरोखरच हाती लागत नाही तेथे वाचक अस्वस्थ होतो, आणि जेथे लेखक नकळत उत्तर सुचवितो तेथे तो लेखकाला खांद्यावर घेतो, हे खुद्द सेर्कासांच्या ग्रंथांच्या स्वागतावरूनच दिसते.

२०१७ सालचे ‘छायांचा राजा’ हे पुस्तक याची कसोटी ठरले. एस्त्रेमादुरातील इबाएर्नांदो हे सेर्कासांचे जन्मग्राम. चार वर्षांचे असताना ते कुटुंबासह तेथून जिरोनाला आले. आईच्या बालपणीचा आदर्श असलेले तिचे काका मानुएल मेना हे फालान्हेच्या ध्येयाने भारून युद्धावर गेले आणि सप्टेंबर १९३८ मध्ये एब्रो नदीच्या लढाईत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मारले गेले. घराण्यातील ही लाज, म्हणजे चुकीच्या बाजूने शौर्याने मेलेला मुलगा, लेखकाने आयुष्यभर टाळली होती. येथे मिरायेस नाही, वाचकाच्या सुटकेची सोय नाही. भूमिहीनांच्या गावात थोडीशी जमीन असलेल्या माणसांनी बड्या जमीनदारांचे हित आपलेच का मानले, याचे संयत विवरण आहे. काहींनी याला फॅसिस्ट पूर्वजाचे परिमार्जन म्हटले. माझ्या वाचनात तसे ते नाही. परंतु ज्याने एकदा वाचकाला नायक दिला त्याच्याकडे वाचक दर वेळी नायकच मागतो, आणि न मिळाल्यास जो समोर असेल त्यालाच नायक समजतो.

मेना जेथे मेले तो प्रदेश तेर्रा आल्ता. ऑक्टोबर २०१७ मध्ये कातालोनियाच्या स्वातंत्र्यासाठी सार्वमत पुकारले गेले, सेर्कास त्या चळवळीच्या विरोधात जाहीरपणे उभे राहिले, आणि जेथे वाढले त्या भूमीतील अनेकांना परके झाले. त्या संतापातून आणि त्या प्रदेशाच्या परिचयातून ‘तेर्रा आल्ता’ ही पोलिसी कादंबरी निघाली. मेल्चोर मारीन हा तिचा नायक, तुरुंगात ‘ले मिझेराब्ल’ वाचून पोलीस झालेला. तिला २०१९ सालचे प्लानेता पारितोषिक मिळाले, पुढे आणखी दोन भाग आले, आणि नव्या वाचकांची रांग लागली. जुन्यांपैकी काहींनी नाके मुरडली. ती मुरडण्याचे कारण मला फारसे सबळ वाटत नाही, तरी या तिन्ही भागांत न्यायाचा प्रश्न जितक्या चटकन मिटतो तितका तो आधीच्या पुस्तकांत मिटत नव्हता, हे खरे. जून २०२४ मध्ये स्पॅनिश शाही अकादमीने त्यांना हाविएर मारीयास यांच्या निधनाने रिकामे झालेले आसन दिले. सन्मानाचा हा रस्ता नेहमीचा, त्याविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही.

नंतरचे पुस्तक मात्र विशेष आहे. स्वतःला नास्तिक आणि पुरोहितविरोधी म्हणविणाऱ्या या लेखकाला व्हॅटिकनने पोप फ्रान्सिस यांच्या २०२३ सालच्या मंगोलिया दौऱ्यात सोबत येण्याचे आणि हवे ते लिहिण्याचे निमंत्रण दिले. सेर्कास गेले ते एकच प्रश्न घेऊन : आपल्या श्रद्धाळू, वृद्ध आईला मरणोत्तर तिचा दिवंगत नवरा भेटेल काय? सुआरेस यांना मत देणारा तोच हा नवरा. दीड हजारांच्या आसपास कॅथलिक असलेल्या त्या देशातील मिशनऱ्यांच्या मुलाखती, पोपच्या निकटवर्तीयांशी झालेली संभाषणे, आणि मधूनमधून लेखकाचा जुनाच खट्याळ स्वर, यांनी भरलेला हा जाडजूड ग्रंथ ‘जगाच्या टोकावरचा देवाचा वेडा’ या अर्थाच्या नावाने एप्रिल २०२५ च्या आरंभी दुकानांत आला. २१ एप्रिलला पोप निवर्तले, आणि एका नास्तिकाने शंका म्हणून लिहिलेले पुस्तक स्पेन आणि इटलीतील असंख्य वाचकांनी श्रद्धांजली म्हणून विकत घेतले.